या चुका टाळा : वजनकाटा, गुगल शीट आणि दोनदा निघणारी पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळदीचं वजन झालं, की काट्याच्या सॉफ्टवेअरने वेबहूक (वजनाचा आपोआप जाणारा निरोप) पाठवायचा, ॲप्स स्क्रिप्टने (गुगल शीटला जोडलेल्या आपल्या कोडाने) तो शीटमध्ये लिहायचा आणि हिशेबपट्टी तयार करायची. जोडणी सोपी आहे. चाचणीत चालतेही. आवक वाढली की मात्र एकाच लॉटच्या दोन पट्ट्या निघायला लागतात.

यात काट्याच्या सॉफ्टवेअरचा दोष नसतो. वेळेत उत्तर आलं नाही की बरीच सॉफ्टवेअर तोच निरोप पुन्हा धाडतात, आणि ते योग्यच आहे. त्यात ॲप्स स्क्रिप्टचं वेब ॲप मजकुराचं उत्तर थेट देत नाही, आधी ३०२ कोड देऊन दुसऱ्या पत्त्यावर पाठवतं. पाठवणारं सॉफ्टवेअर तिकडे गेलंच नाही, तर आपली ओळ लिहून झालेली असते आणि त्याच्या लेखी काम फसलेलं असतं.

म्हणून बंदोबस्त आपल्याच कोडात हवा. प्रत्येक वजनाला काट्याकडूनच पावती क्रमांक घ्या. वेळ किंवा शेतकऱ्याचं नाव ही खूण चालत नाही. निरोप आला की आधी लॉकसर्व्हिसने कुलूप लावा, म्हणजे एका वेळी एकच निरोप हाताळला जाईल, मग तो क्रमांक शीटमध्ये शोधा. सापडला तर नुसतं ‘मिळालं’ असं उत्तर द्या, नसेल तर ओळ लिहा. कुलूप सोडण्याआधी स्प्रेडशीटॲपचं ‘फ्लश’ (लिहिलेलं लगेच शीटमध्ये उतरवणारी आज्ञा) चालवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या निरोपाला ती ओळ दिसेलच याची खात्री नाही. पट्टीची पीडीएफ निरोपाला उत्तर देतानाच बनवू नका. ते काम दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या वेगळ्या ट्रिगरकडे (कोड आपोआप सुरू करणाऱ्या सोयीकडे) द्या आणि झालेल्या ओळीपुढे खूण करा.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती एररच देत नाही. दर ‘12,500’ असा मजकूर म्हणून आला, तर ‘पार्सफ्लोट’ (मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १२ देतं. क्विंटलला बारा रुपये! स्वल्पविराम आधी काढा. देवनागरी अंक तर त्याला वाचताच येत नाहीत. अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा मिळतो.

कोड बदलूनही जुनंच काही चालत असेल, तर ‘मॅनेज डिप्लॉयमेंट्स’मध्ये (चालू केलेल्या वेब ॲपच्या यादीत) पेन्सिल दाबून ‘न्यू व्हर्जन’ निवडा. त्याऐवजी नवं डिप्लॉयमेंट केलंत तर पत्ता बदलतो आणि काट्याचे निरोप जुन्याच पत्त्यावर जात राहतात.

‘ऑनएडिट’वर (शीट बदलली की चालणाऱ्या ट्रिगरवर) भिस्त ठेवू नका. माणसाने शीटमध्ये हाताने बदल केला तरच ते चालतं. स्क्रिप्टने किंवा फॉर्मने भरलेल्या ओळीची त्याला दादच नसते.

ट्रिगर दुकानाच्या खात्यातून लावा. तो लावणाऱ्याच्या परवानगीने चालतो, त्यामुळे दिवाणजी बदलले आणि त्यांचं खातं बंद झालं की पट्ट्याही थांबतात. ईमेलची मर्यादाही त्याच खात्याला लागते : साध्या जीमेलवर स्क्रिप्टमधून दिवसाला १०० जणांनाच पट्टी जाते.