सावलीतल्या अंगणात स्पायडर प्लांट: नागपूरच्या काळ्या मातीसाठी

आंब्याखाली किंवा घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत लॉन टिकत नाही, गवताला ऊन लागतं. तिथे स्पायडर प्लांट लावा. त्याच्या जाड मुळांत पाणी साठतं, म्हणून सावलीत ते मे महिनाही काढतं. ते दगावतं बहुधा पावसाळ्यात, काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजली की. म्हणून खरी मेहनत जमिनीवरच घ्या.

जूनमध्ये पहिली सर पडून माती वापशावर आली (ओलसर, पण हाताला चिकटत नाही अशी) की वीतभर खणा. ओली चिकट माती खणली तर ढेकळं वाळून दगड होतात. दोन भाग माती, एक भाग जाडी रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिसळा. बारीक रेती नको, ती चिकणमातीत घट्ट बसते. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा 4 इंच उंच करा. आंब्याखाली वाफा असेल तर त्याच्या बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी सोडा आणि आंब्याची जाड मुळं लागली की कुदळ थांबवा. मग बादलीभर पाणी ओतून पाहा. तासाभराने डबकं दिसलं तर वाफा आणखी उंच हवा.

जुलैत स्पायडर प्लांटची पिल्लं, म्हणजे लहान रोपं, 9 इंचांवर लावा. 10 बाय 4 फुटांच्या वाफ्याला साधारण 70 लागतात. सगळी विकत घेऊ नका, नर्सरीतल्या एका भरलेल्या कुंडीतून बरीच सुटी होतात. पानं जिथून फुटतात तो गाभा मातीवरच राहू द्या, गाडला की सडतो.

हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड, नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रोज सकाळी. पानांची टोकं करपली की लोक पाणी वाढवतात, पण आधी कूलरचं पाणी बंद करा. टाकीतलं पाणी उडत जातं, क्षार मागे राहतात आणि तेच टोकं जाळतात. आरओचं वाया जाणारं पाणीही याच कारणाने नको. पानं पांढुरकी पडली तर दुपारचं पश्चिमेचं ऊन येतंय, तिथे हिरवी जाळी बांधा.

गळलेला पाला उन्हाळ्यात वाफ्यावर राहू द्या, ओल टिकते. पावसाआधी मात्र गाभ्यावरचा पाला हाताने काढा. दर तिसऱ्या वर्षी जुलैत दाटलेले गड्डे उपटून, वेगळे करून पुन्हा लावा.