प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते? पेल्विक फ्लोअरचा व्यायाम असा करा

पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेले, लघवी आणि शौच रोखून धरणारे स्नायू. ते ‘दिवसातून शंभर वेळा आवळा’ हा सल्ला ज्याने कोणी पहिल्यांदा दिला, त्याने आम्हा फिजिओथेरपिस्ट लोकांचं काम वाढवून ठेवलंय. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी सबंध ग्रंथी काढलेले पुरुष माझ्याकडे येतात. बहुतेकांनी मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघून घरी इमानेइतबारे व्यायाम केलेला असतो आणि गळती होती तिथेच असते. व्यायामात खोट नसते. माणूस भलताच स्नायू आवळत असतो.

मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं, ते आपल्या नकळत लघवी धरून ठेवतं. प्रोस्टेट काढताना त्याला धक्का लागतो. मग सगळा भार खालच्या कड्यावर येतो, आणि ते आपल्या इच्छेने चालतं. म्हणून पडून राहिलं की कोरडं, पण खुर्चीतून उठताना, शिंकताना, बादली उचलताना टपकतं.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच शिकून घ्या. नंतर शिकणं जास्त अवघड जातं. लघवीची नळी आत असेपर्यंत व्यायाम बंद. नळी निघाली आणि सर्जनने हो म्हटलं की सुरू.

लघवीला जाऊन या, उताणे झोपा, गुडघे वाकवा.

आता खरी मेख. स्नायू नेमका कुठला?

या व्यायामाला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल स्त्रीरोगतज्ज्ञ होते. 1948 साली त्यांनी हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. पुढे तो पुरुषांना सांगताना ‘शौचाला लागलीय आणि रोखून धरायचीय असं करा’ एवढंच सांगायची पद्धत पडली. त्याने आवळलं जातं ते मुख्यतः मागचं, गुदद्वाराभोवतीचं. तुमची गळती पुढून आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या सूचना देऊन आत काय हलतं ते सोनोग्राफीवर पाहिलं. 2016 मध्ये ते छापून आलं. ‘लिंग आखूड करा’ म्हटल्यावर मूत्रमार्गाचं कडं सर्वांत जास्त हललं, आणि ‘गुदद्वार आवळा’ म्हटल्यावर मागची बाजू. मीही पूर्वी ‘आवळा’ एवढंच सांगायचो आणि समोरच्याला काही केल्या जमायचं नाही. सूचना बदलली तेव्हा गाडी पुढे सरकली. अश्विनी मुद्रा (योगातली गुदद्वार आवळण्या-सोडण्याची क्रिया) रोज करतो, म्हणजे झालंच की, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मुद्रा जरूर करा, पण तीही मागचीच बाजू धरते.

तर लिंग मुळापासून आत ओढून घ्या. नदीच्या गार पाण्यात उतरताना पाणी मांड्यांच्या वर आलं की आपण जसं सगळं वर खेचून घेतो, तसं. जमतंय का ते आरशात दिसतं. कपडे काढून बाजूने उभे राहा. लिंगाचं मूळ किंचित आत जातं, वृषण थोडे वर उचलले जातात. पोट, कुल्ले, मांड्या जागच्या जागी. कुल्ले आवळले जात असतील तर ते बाद, पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यांत जास्त घोळ श्वासाचा. एक काका टेबलावर झोपलेले, मिशा थरथरतायत, कानाच्या पाळ्या लाल, पोट दगडासारखं.

“काका, श्वास घ्या की.”

“मग धरू कसं?”

हाच प्रश्न बहुतेकांचा. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब खाली मूत्राशयावर येतो, म्हणजे गळती थांबवायला जाऊन तुम्हीच ती करवता. एक हात बेंबीखाली ठेवा. तो वर ढकलला गेला तर जोर निम्मा करा, तरीही ढकलला गेला तर आणखी निम्मा. मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. कमी जोर म्हणजे कमी फायदा, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, आणि तो कुणीच करत नाही. पाच आकडे धरलं तर निदान तेवढाच वेळ पूर्ण सैल. आतून काहीतरी खाली उतरल्याचं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर पुढची फेरी सुरू करू नका. ज्यांना वृषणांच्या मागे दुखतं, धार अडखळते, वीर्य गेल्यावर दुखतं, त्यांचा स्नायू बऱ्याचदा आधीच ताठलेला असतो. त्यांनी आवळण्याचा व्यायाम स्वतःच्या मनाने करूच नये. त्यांना सैल सोडायला शिकायचं असतं, आणि ते कुणीतरी तपासून शिकवावं लागतं.

लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा ‘व्यायाम’ तर मुळीच नको. त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

एकदा जमलं की पुढचं सोपं. दहा वेळा सावकाश, मग थोडे झटपट, दिवसातून तीनदा. धरायचा वेळ हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्या. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने.

मग हा स्नायू रोजच्या हालचालीत वापरा: आधी ओढून घ्या, मग उठा, मग खोका, मग बादली उचला. संध्याकाळी जास्त गळतं, कारण स्नायू दमलेला असतो. घाबरू नका. पाणी कमी करू नका, दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. चहा मात्र आवरा, आणि शौचाला कुंथू नका. लघवी झाल्यावर पायजम्यात थेंब पडत असतील तर वृषणांच्या मागे बोटांनी हलकं दाबत पुढे आणा, अडकलेले थेंब बाहेर येतात.

फरक पडायला आठवडे नाही, महिने लागतात. पण लघवी अडली, तिच्यात रक्ताच्या गाठी आल्या, ताप आला तर त्याच दिवशी सर्जनला गाठा. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन पायांतली ताकद जात असेल तर थेट इमर्जन्सीत जा, ते मणक्याचं दुखणं असू शकतं. आणि वर्षभर नीट करूनही दिवसाला दोन-चार पॅड भिजत असतील तर स्वतःला दोष देत घरी बसू नका. मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम कडं बसवण्याची ऑपरेशनं आहेत, युरॉलॉजिस्टला त्याबद्दल स्पष्ट विचारा.