"एक चक्कर मारून येतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं

मी टेराकोटाची ज्वेलरी बनवते, नागपुरातच, स्टॉल लावायला लागून सहा वर्षं होत आली. नवीन मुली विचारतात ताई माल किती न्यायचा, टेबलावर कापड कोणतं टाकायचं. ते सगळं जमतं हो. खरं टेन्शन पहिल्या दिवशी दुपारी येतं, लोक येतात, हातात घेतात, छान आहे म्हणतात, ठेवतात आणि जातात, आणि रात्री उरलेला माल खोक्यात भरताना वाटतं आपलं कामच टुकार आहे. मलाही वाटलं होतं.

माझं पहिलं प्रदर्शन धरमपेठेत एका हॉलमध्ये होतं, दोन दिवसांचं. मी टेबलाच्या पुढे उभी, कोणी जवळ आलं की लगेच "या ना ताई, काय दाखवू?" की समोरची अर्धं पाऊल मागे. "नाही, नुसतं पाहून राहिलो" आणि गेली. शेजारी गडचिरोलीकडचे एक बांबूवाले काका होते, ते खाली बसून टोपली विणत होते, मान वर करत नव्हते, आणि गर्दी त्यांच्याकडे! संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, "पोरी, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे काहून पाहतेस, हाताकडे पाह्य."

तर हात. एका बोटानं नुसतं हलवून पाहणारी बाई टाइमपास करतेय, करू द्या, तिच्यामुळे स्टॉल रिकामा दिसत नाही. झुमका उचलून उलटा केला म्हणजे ती किंमत शोधतेय. मला आधी वाटायचं किंमत नाही लिहिली की लोक विचारतील आणि त्यातून बोलणं सुरू होईल, पण तसं होत नाही, आपल्याकडे पुष्कळ जणींना वाटतं भाव विचारला की घ्यावं लागेल, म्हणून त्या न विचारताच ठेवून देतात. प्रत्येक पीसवर किंमत लिहा, समोरून दिसेल अशी. कानाजवळ नेऊन इकडेतिकडे बघितलं तर आरसा हवाय, आणि माझा आरसा पहिल्या वर्षी माझ्याच उंचीला टांगलेला होता, बुटक्या काकूंना त्यात फक्त मांडव दिसायचा. आता दोन ठेवते, एक टेबलावर तिरका. आणि दोन्ही हातात दोन वेगळे पीस आले की तेव्हा तोंड उघडायचं, तेही "घ्या ना" नाही, "हा हलका आहे, दिवसभर घातला तरी कान ओढत नाही" एवढंच.

टेराकोटाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पाण्यानं विरघळंल का हो?" पहिले दोन वर्षं मी भट्टी, तापमान सगळं समजावत बसायचे, लोक मान डोलवायचे आणि विश्वास कोणाचाच नाही. मग काचेचे दोन वाटगे पाण्याचे ठेवायला लागले, एकात भाजलेला मणी सकाळपासून पडलेला, दुसऱ्यात लोकांसमोर कच्चा वाळलेला मणी टाकायचा. तो बुडबुडे सोडतो आणि थोड्या वेळात त्याचा चिखल होतो. माती साधारण ६०० डिग्रीच्या पुढे भाजली की तिच्या आत रासायनिक रीतीनं बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती परत चिखल होत नाही, हे मग एका वाक्यात सांगितलं तरी पटतं. लहान पोरं तर हलतच नाहीत तिथून, आणि पोरगं थांबलं म्हणजे आई थांबली.

एक चूक मात्र सांगते कारण अजून लाज वाटते. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात मेळा होता, हिवाळ्यातला, तिथे एक दादा माझ्या एकेका नेकपीसचा फोटो काढून राहिले होते. मला वाटलं डिझाइन चोरतोय, फटकन बोलले, "दादा, फोटो नाही काढायचे." ते ओशाळले, म्हणे मिसेस घरी आहे, पाय मोडलाय, तिला व्हॉट्सअपवर पाठवून राहिलो. काहीच न घेता गेले. डिझाइन उचलणारे असतातच, नाही असं नाही, पण ते तुमच्या बोर्डानं थांबत नाहीत. आता फोटो काढणारा दिसला की मीच विचारते, घरी कोणाला दाखवायचंय का, मी धरू का उजेडात?

जानेवारीत वेगळंच गिऱ्हाईक फिरतं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, त्याच्या आधी बायका वाण शोधत असतात. ही बाई भारी झुमक्यांकडे बघणारच नाही, कोपऱ्यातली वीस-तीस रुपयांची वस्तू उचलेल आणि हळूच विचारेल, "असे किती आहेत?" मी पहिल्या वर्षी म्हटलं चारच. तिला पंचवीस हवे होते, सगळे सारखे, कारण वाणात एकीला लाल आणि एकीला पिवळं गेलं की झाली कुरबुर! आता डिसेंबरातच छोट्या पणत्या आणि फ्रिज मॅग्नेट एकसारखे करून ठेवते. डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाला मुंबईहून आलेले लोकही फिरतात, त्यांची भीती एकच, विदर्भ एक्सप्रेसमध्ये फुटलं तर? त्यांना दागिना कमी आणि पॅकिंगचा डबा जास्त दाखवायचा.

सोबत आलेल्या मिस्टरांसाठी एक स्टूल ठेवा, बस्स. ते उभे असले की "चल ना, झालं का" सुरू होतं.

आता ते चक्कर प्रकरण. मी हे वाक्य म्हणजे नकारच धरायचे. मग एकदा चहा प्यायला उठले तर माझ्याकडून गेलेल्या दोघी जणी पलीकडच्या रांगेत विचारत होत्या, ते मातीचे कानातलेवाले कुठे आहेत हो? सगळे मांडव सारखेच दिसतात, त्यांना सापडतच नव्हतं. तेव्हापासून जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी देते, त्यावर स्टॉल नंबर, "चहाच्या समोर" आणि तिनं जो हातात घेतला होता त्याचा रंग आणि किंमत. सगळ्या येत नाहीत, पण येतात त्या चिठ्ठी पुढे करतात आणि भावही करत नाहीत फारसा. मागच्या वेळी शेवटच्या दिवशी मी बल्ब काढून वायर गुंडाळत होते तेव्हा एक मुलगी धावत आली, चिठ्ठी पार घामानं ओली, "निळा, मोराचा". तो दुपारीच गेला होता. नंबर घेतला, आठ दिवसांत करून दिला, आणि आता चिठ्ठी दिलेला पीस संध्याकाळपर्यंत टेबलाखाली ठेवते.