उसाच्या हंगामात सायकलने शाळेला जाताना या चुका टाळा

कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साखर कारखान्यांचे गाळप चालते, आणि त्या काळात गावाकडून शाळेकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. याच रस्त्यांवरून रोज सायकलने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे चालत्या ट्रॉलीला एका हाताने धरून जाणे किंवा मागून ऊस उपसणे. एका ट्रॅक्टरला बहुधा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागच्या ट्रॉलीमागे काय चालले आहे हे चालकाला दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. एक कांडे ओढताना मोळी सैल होऊन अंगावर येऊ शकते, आणि खड्ड्यात ट्रॉलीने हेलकावा घेतला की एका हातावर तोललेली सायकल सावरता येत नाही. मोठ्या माणसांनी ही गंमत म्हणून हसण्यावारी नेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुसरी चूक पुष्कळांना चूक वाटतच नाही. वळणापाशी ट्रॅक्टरचा वेग कमी झाला की मुले त्याच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेतून पुढे काढतात. परंतु ट्रॅक्टर डावीकडे वळतो तेव्हा मागच्या ट्रॉल्या त्याच्या चाकांच्या मार्गाने न जाता वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात, आणि क्षणापूर्वी मोकळी दिसणारी जागा नाहीशी होते. अशा वेळी मागेच थांबावे आणि दोन्ही ट्रॉल्या पूर्ण वळल्यावरच निघावे.

पालकांकडून होणारी चूक म्हणजे कपड्यांप्रमाणे सायकलही ‘वाढत्या अंगाची’ घेणे. सीटवर बसून ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्या मुलाला अचानक थांबावे लागले तर तो तोल जाऊन एका बाजूला, कदाचित वाहनांच्याच बाजूला, पडतो. नवशिक्या मुलाचे दोन्ही चवडे जमिनीवर नीट टेकतील इतकी सीट खाली असावी, आणि ती तितकी खाली येतच नसेल तर ती सायकल त्या मुलाने अजून चालवू नये.

ब्रेक दाबल्यावर ब्रेकची दांडी हँडलला टेकत असेल तर वायर सैल झाली आहे, असे समजून ती ताणून घ्यावी. वायर घट्ट असूनही सायकल थांबत नसेल तर रबर झिजले आहे का ते पाहावे. चेनला तेल घालताना ते रिमवर उडाले असले तरी ब्रेक घसरतो, म्हणून रिम कोरड्या फडक्याने पुसावी. थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबावेत. रस्त्यावर सांडलेले वाडे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पाचट म्हणजे वाळलेली पाने किंवा उसाच्या फडातून चाकांबरोबर आलेला ओला चिखल असेल, तर तेथे पोहोचण्याआधीच वेग कमी करावा; त्यावर गेल्यानंतर ब्रेक दाबू नये.

नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जादा तासानंतर घरी परतताना अंधार होतो. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवाच.

मैत्रिणी-मैत्रिणी गप्पा मारत तिघी-चौघी शेजारी-शेजारी चालवतात, तेव्हा मागून येणाऱ्या वाहनाला रस्त्याच्या मध्यावर जावे लागते. एकामागे एक चालवावे, गप्पा शाळेत पोहोचून माराव्यात. म्हाताऱ्या माणसाच्या अगदी पाठीशी जाऊन घंटी वाजवू नये, कारण दचकून ते नेमके सायकलीसमोरच येतात. थोडे लांबून वाजवावी आणि त्यांना बाजूला होण्यास वेळ द्यावा.

शाळेच्या आवारात दुसऱ्याच्या चाकाची हवा सोडणे किंवा ब्रेकची वायर काढून ठेवणे याला खोडी म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे. वायर काढलेली सायकल उतारावर थांबत नाही, आणि हवा सोडलेल्या सायकलची मालकीण चार किलोमीटर अंधारातून, ट्रॉल्यांच्या रांगेशेजारून, ती ढकलत नेते. प्रत्येक शाळेत एक हातपंप ठेवावा, आणि ज्याची सायकल बिघडली आहे त्याच्याबरोबर त्याच रस्त्याने जाणाऱ्या एकाने तरी शेवटपर्यंत चालत जावे.