संगीतोपचारात येताय? आधी समोरच्याची लय मोजा

विशारद झालात, आता मुंबईत विशेष मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात काम सुरू करायचंय. मग ‘अमुक आजाराला तमुक राग’ असले तक्ते फोनमधून आजच काढून टाका. त्या तक्त्यांत समोरचा माणूस कुठेच नसतो.

सगळे ठेचकाळतात ते इथेच, आणि आम्हीही ठेचकाळलोय. मूल अस्वस्थ दिसलं की आपण विलंबित आलाप लावतो. समजा, दहा बाय दहाच्या खोलीत सात वर्षांचा स्वमग्न मुलगा गादीवर हात आपटतोय. घड्याळ लावून मोजा: पंधरा सेकंदांत ३० थापा, म्हणजे मिनिटाला १२०. आलापात त्याला धरायला ठोकाच सापडत नाही. पंख्याच्या घरघरीत आणखी एक आवाज वाढतो, एवढंच. तो कान झाकतो आणि आई म्हणते, “याला गाणं आवडतच नाही हो.”

डफावर त्याच्याच १२० ने सुरुवात करा, आवाज मात्र त्याला सोसेल एवढाच. दोन-तीन मिनिटं काहीही बदलू नका. मग मध्येच एक ठोका गाळा. तो थबकला, तुमच्याकडे बघितलं, की धागा जुळला. आता दर मिनिटाला चार-पाच ठोके उतरा. त्याने पुन्हा वेग घेतला तर मागच्या आकड्यावर या, ओढू नका. पहिल्या दिवशी १०० पर्यंत आलात तरी पुष्कळ झालं. आधी समोरच्याच्या लयीत जायचं आणि मग ती हळूहळू बदलायची, याला आयसो तत्त्व म्हणतात. आलाप नंतर. झांजा तर इतक्यात नकोतच, कानाला टोचतात.

पार्किन्सन्समध्येही तेच. आधी मिनिटभराची पावलं मोजा. ८० भरली तर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टकटक करणारं यंत्र, ८० वर. चाल स्थिरावली की ५ टक्के वाढ, म्हणजे ८४. पाऊल आखूड झालं की लगेच खाली. फिजिओथेरपिस्ट शेजारी हवाच.

अर्धांगवायूनंतर वाचा गेलेले आजोबा अख्खा अभंग म्हणतात, म्हणून “बोलायला लागले” असं घरच्यांना सांगू नका. पाठ असलेलं गाणं आणि मनातलं बोलणं यांच्या वाटा वेगळ्या. १९७३ मध्ये मांडलेल्या मेलॉडिक इन्टोनेशन थेरपीत ‘पा-णी-दे’ दोनच सुरांत म्हणवून घेतात, दर अक्षराला डाव्या हाताची एक थाप, आणि सूर हळूहळू काढून घेतात. हे वाचा-उपचारतज्ज्ञाबरोबरच करा.

गळा साधा असला तरी घाबरू नका. उलट तयार गळाच अडचण करतो: तुमची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची उंच पट्टी, आजोबांचा आवाज त्याच्या कितीतरी खाली. त्यांच्या पट्टीत उतरा.

शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रावर रुग्ण घेऊ नका, हे आमचं ठाम मत. आणि मोठा गवई म्हणजे या कामातला गुरू, असंही धरू नका. मागे बसून तुमचं सत्र बघेल आणि नंतर नोंदींची वही तपासेल, असा माणूस शोधा. वहीत ‘मूल खूश होतं’ लिहिलंत तर तो पान फाडायला लावेल. ‘दहापैकी चार वेळा आपल्या पाळीची वाट पाहिली’ असं लिहा, तारखेसकट.