टर्मिनलवर तारखांची माळ: सीक आणि डेट

लिनक्सवर वेगळं काही टाकायला नको. सीक (seq) आणि डेट (date) या टर्मिनलच्या कमांड: सीक आकडे मोजतो, डेट त्यांच्या तारखा करतो. बारा महिन्यांच्या १ तारखा हव्या असतील तर फॉर लूपमध्ये (एकच काम पुन्हा पुन्हा करणारी रचना) सीक ० ते ११ फिरवा, डेटला वजा-डी (-d) हा पर्याय देऊन '१ जानेवारी २०२६ अधिक इतके महिने' सांगा (टाइप करताना अर्थातच इंग्रजीत).

महिनाअखेर हवी म्हणून ३१ जानेवारीपासून मोजलंत की फसलात. ३१ फेब्रुवारी नसतेच, म्हणून डेट गुपचूप ३ मार्च छापतो. पुढच्या महिन्याची १ तारीख काढून एक दिवस वजा करा.

दर १५ मिनिटांच्या वेळा हव्या असतील तर '०९:०० +१ तास' असलं काही लिहू नका, तो +१ टाइमझोन धरला जातो. सुरुवात आणि शेवट ही दोन्ही टोकं एपॉक सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत) काढा, सीकला ९०० ची (म्हणजे १५ मिनिटांच्या सेकंदांची) पायरी द्या, प्रत्येक आकड्याआधी @ लावून डेटकडे पाठवा. मॅकवरच्या डेटचे पर्याय मात्र निराळे.