एईडी बीप करतंय? बॅटरी काढू नका

सोसायटीच्या लॉबीत किंवा जिममध्ये भिंतीवर लावलेलं एईडी, म्हणजे अचानक बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं यंत्र, एके दिवशी बीप करायला लागतं. दोन दिवस सगळे ऐकून घेतात, तिसऱ्या दिवशी कोणीतरी वैतागून बॅटरी काढून ठेवतं. माझ्या मते हीच सगळ्यांत घातक चूक. एईडी ठरावीक काळाने स्वतःची तपासणी करतं, ती बॅटरी जागेवर असली तरच. हृदय अचानक बंद पडलं की सीपीआर (छाती दाबणं) आणि शॉकशिवाय जाणाऱ्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. तेव्हा बॅटरी कुठल्या खणात ठेवली हे शोधत बसणार का?

बीप ऐकू आला की आधी दिवा बघा. फिलिप्सच्या हार्टस्टार्ट ऑनसाइटवर हिरवा दिवा लुकलुकत असला पाहिजे. तो विझला असेल तर निळं 'आय' बटण दाबा, काय हवंय ते यंत्र बोलून सांगतं. झोलच्या एईडी प्लसवर हिरव्या खुणेच्या जागी लाल फुली येते. स्क्रीनवर कोड आला तर मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच मॉडेलच्या पुस्तिकेत अर्थ शोधा. दुसऱ्या कंपनीची यादी इथे चालत नाही.

बॅटरी आणि पॅड (छातीवर चिकटवायच्या पट्ट्या) आधी तपासा. एईडी प्लसमध्ये १२३ प्रकारचे १० लिथियम सेल असतात. त्यातले चारच बदलून बॅटरी बदलल्याचं कळवणारं आतलं बटण दाबलं, तर यंत्र सगळेच नवे आहेत असं धरून चालतं. दहाही एकदम बदला, मगच बटण दाबा. पॅडचं जेल वाळतं, म्हणून पाकिटावरची मुदत बघा, आणि 'आत काय आहे' म्हणून पाकीट फोडू नका. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तर यंत्र ठेवूच नका.

प्रत्यक्ष वापरताना 'पॅड तपासा' असं ऐकू आलं तर यंत्र बंद करू नका. छाती घामाने ओली असते, केस आड येतात, पॅडमागचा प्लास्टिकचा कागद तसाच राहतो किंवा प्लग सैल असतो. पुसा, पॅड घट्ट दाबा, प्लग नीट बसवा. हे होईपर्यंत दुसऱ्याने छाती दाबत राहायचं, तिसऱ्याने १०८ लावायचा.

यंत्र दुरुस्तीला गेलं तर रिकाम्या पेटीवर तसं ठळक लिहा, आणि जवळचं दुसरं एईडी कुठे आहे तेही.